मॅटवर उभे राहू नका

सीतापुऱ्यातल्या आमच्या युनिटमध्ये माणसाचे तुकडे तयार होतात. इंजेक्शन शिकण्यासाठी दंड, टाके घालायला शिकण्यासाठी कातडीचे चौकोन, बाळंतपण शिकवण्यासाठी कमरेपासून मांड्यांपर्यंतचा भाग. मेडिकल आणि नर्सिंग कॉलेजे हे विकत घेतात. मी तिथे पुस्तिका लिहिते: मॉडेल कसे जोडायचे, कसे धुवायचे, शिकणाऱ्याने काय करायचे आणि चुकले तर काय दिसेल. नवऱ्याची बँकेतून जयपूरला बदली झाली तेव्हा मी पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. इथे मराठी बातम्यांना गिऱ्हाईक नव्हते. नेमके लिहिणारे माणूस मात्र या युनिटला हवे होते, मग भाषा हिंदी असो की इंग्रजी.

मूत्राशयाचा दाब तपासायला शिकवणारे मॉडेल हे आमचे आजवरचे सर्वांत अवघड काम. ती तपासणी थोडक्यात अशी असते. एक बारीक नळी मूत्राशयात घालतात, दुसरी गुदद्वारातून थोडी आत. दोन्हींना दाब मोजणारे सेन्सर जोडलेले असतात. मग मूत्राशयात हळूहळू सलाईन भरतात. पहिल्या नळीला मूत्राशयाचा आणि पोटाचा मिळून दाब कळतो, दुसरीला फक्त पोटाचा. वजाबाकी केली की मूत्राशयाच्या स्नायूने स्वतः किती जोर लावला ते स्क्रीनवरच्या रेषेत दिसते. शेवटी रुग्णाला लघवी करायला सांगतात. जोर भरपूर आणि धार बारीक असेल तर वाटेत अडथळा आहे. तो बहुतेक वेळा ऑपरेशनने काढता येतो. जोरच नसेल तर स्नायू दुबळा आहे. मग ऑपरेशनचा फारसा उपयोग नसतो आणि लघवीची नळी कायमची मागे लागते. म्हाताऱ्या पुरुषांचे पुढचे सगळे दिवस या एका रेषेवर ठरतात.

आमच्या सल्लागार म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेल्या एक मूत्ररोगतज्ज्ञ. मूळच्या कोल्हापूरच्या. शेवटचे पोस्टिंग जयपूरला झाले आणि त्या इथेच राहिल्या. युनिटमध्ये सगळे त्यांना ‘कर्नल मैडम’ म्हणत. माझ्याशी त्या मराठीत बोलत, तेही परेड मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. त्यामुळे युनिटमधल्या निम्म्या लोकांना ‘लघवी’ हा शब्द पाठ झाला होता.

पहिले मॉडेल त्यांनी अर्धा तास तपासले आणि नापास केले.

“हे फार गुणी बाळ आहे,” त्या म्हणाल्या. “असा पेशंट मला अख्ख्या नोकरीत भेटला नाही. ह्याच्यावर शिकलेला माणूस खऱ्या खोलीत पहिल्याच दिवशी आडवा होईल.”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. मॉडेल बनवणारे लोक मॉडेल चांगले चालावे म्हणून झटतात. आमचा इंजिनियर रोज सकाळी नळ्यांमधला हवेचा बुडबुडा न् बुडबुडा काढून ठेवायचा. त्यामुळे रेषा नेहमी पुस्तकात छापल्यासारखी यायची. खऱ्या खोलीत बुडबुडा राहतो, नळी सरकते, सेन्सर शून्यावर आणायचा राहून जातो. मग आम्ही पुढचे दोन-तीन महिने चुका बसवल्या. एक झडप उघडली की नळीत हवा जाई. एक बटण दाबले की आतली नळी हळूच निसटे. रुग्णाला मधूनमधून खोकायला सांगतात, कारण खोकल्याबरोबर दोन्ही रेषा सारख्याच उसळल्या पाहिजेत. नाही उसळल्या तर काहीतरी बिघडले आहे. म्हणून मॉडेलला खोकलाही दिला. आवाज इंजिनियरचा स्वतःचा होता. तो जोधपूरचा, सिगारेट ओढणारा, आणि मॉडेल खोकले की युनिटमधले कोणी ना कोणी त्याला “छोड़ दे अब तो” म्हणायचे.

एक गोष्ट मात्र गुणीच राहिली. शेवटी ‘करा’ असे सांगून बटण दाबले की मॉडेल लगेच लघवी करायचे. यामागे कारण होते. युनिटचे मालक कॉलेजांच्या खरेदीवाल्यांना घेऊन येत, आणि पाहुण्यांना वाट बघायला लावणे त्यांना पसंत नव्हते. धार सुरू झाली की पाहुणे हसत, मालक हसत, चहा येई. मीही पुस्तिकेत तसेच लिहिले होते: रुग्णास लघवी करण्यास सांगावे, धार सुरू होईल.

त्याच हिवाळ्यात बाबांची लघवी अडली.

आई गेल्यानंतर बाबा सांगली सोडून आमच्याकडे आले होते. आमचा फ्लॅट गोपालपुऱ्यात, खाली कोचिंग क्लास, आजूबाजूला हॉस्टेल. बाबांची सगळी नोकरी विमा कंपनीत झालेली. रोज सकाळी ते कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला जात आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना व्याजाची गणिते समजावून देत. मुले त्यांना ‘दादाजी सर’ म्हणत. बाबांना हे मनापासून आवडायचे, जरी घरी येऊन ते म्हणायचे की ह्या पोरांना शेकडेवारीसुद्धा येत नाही.

एका पहाटे त्यांना इमर्जन्सीत न्यावे लागले. नळी घातली, पिशवी लावली. नंतर नळी काढून पाहिली; जमले नाही, पुन्हा घातली. मग दाबाची तपासणी झाली. ती दुसऱ्या शहरातल्या एका रुग्णालयात झाली, कारण तिथे नवऱ्याच्या बँकेची सोय होती. रिपोर्ट आला: स्नायू आकुंचन पावत नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की ऑपरेशनचा उपयोग दिसत नाही, नळी राहील. बाबांनी एवढेच विचारले, “बदलायची कधी कधी?”

घरी आल्यावर ते टपरीवर गेले नाहीत. लघवीची पिशवी साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत ठेवून ते घरातल्या घरात फिरत. मुले दोन-तीनदा खालून हाका मारून गेली. “सांग, गावाला गेलेत,” बाबा म्हणाले. मी सांगितले नाही, पण त्यांना वरही बोलावले नाही.

तपासणी कशी झाली हे मी त्यांना विचारले ते पुस्तिकेच्या निमित्ताने. रुग्णाला काय काय होते याचे एक पान लिहायचे होते.

“खोलीत कोण कोण होतं, बाबा?”

“कशाला?”

“आमच्या मॉडेलसाठी. लिहायचं आहे.”

“डॉक्टर. सिस्टर. मशीनवाला. शिवाय शिकणारी पोरंपोरी. त्यातली एक तर आपल्या चिंगीएवढी असेल.” चिंगी म्हणजे माझी भाची. “कोपऱ्यात आपली उभी. तिला तरी काय करायचं होतं तिथं, बिचारीला.”

“आणि दार?”

“दार उघडंच. एक जण सारखा ‘सर, चाय’ करत येत होता.”

“मग शेवटी काय झालं?”

“काय व्हायचंय? मला म्हणाले, अंकलजी, करो. मी काय नळ आहे?”

“येत होती का?”

“पोट फुटायची वेळ आली होती. पण सगळे माझ्याकडे बघत उभे. मी जागच्या जागी गोठलो. पुन्हा म्हणाले, करो करो, पीछे और पेशंट हैं. मग त्यांनीच सोडून दिलं.”

“तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?”

“काय सांगू? लाज वाटते म्हणून? ह्या वयात?”

ते उठून आत गेले. 

दुसऱ्या दिवशी मी हे कर्नल मॅडमना सांगितले. त्यांनी रिपोर्ट मागवून पाहिला. ग्राफच्या शेवटी एक सपाट रेषा होती.

“मग ही टेस्ट झालेलीच नाही,” त्या म्हणाल्या. “सपाट रेषेचे दोन अर्थ होतात. स्नायूला जमलं नाही, किंवा माणसाला जमलं नाही. दुसरं असेल तर तसं लिहायचं असतं, की पेशंटला इथं लघवी करता आली नाही. ते लिहायला कुणाला नको असतं. लिहिलं की पुन्हा टेस्ट करावी लागते.”

“म्हणजे स्नायू ठीक असेल?”

“असं मी म्हटलं का? माहीत नाही, एवढंच म्हणते.”

डेस्कवर अशा बातमीला आम्ही एकच शब्द वापरायचो: थांबवा. दोन्ही बाजूंनी खात्री झाल्याशिवाय छापायचे नाही. बाबांच्या बाबतीत ती छापून झाली होती, आणि ते तिच्याप्रमाणे वागत होते.

पुन्हा तपासणी करायला बाबांनी नकार दिला. “एकदा झाली. पुन्हा तिथं कपडे काढून झोपायचं नाही मला. नळी आहे, तर आहे.” नवऱ्याने समजावले, सांगलीच्या आत्याने फोनवर समजावले. ते आत्याशी हवापाण्याबद्दल बोलत राहिले.

मॉडेलचा प्रश्न मात्र वेगळ्या वाटेने सुटत गेला. कर्नल मॅडमनी बैठकीत सांगितले की ‘करा’ म्हटल्याबरोबर करणारे मॉडेल त्यांना नको. चार माणसे बघत उभी असतील तर त्याने करता कामा नये.

इंजिनियरने मॉडेलकडे पाहिले. “मैडम, हवा डाल दी, खांसी डाल दी. अब मशीन को शरम कहाँ से लाऊँ?”

शरम त्याने अखेर मॅटमधून आणली. दुकानांच्या दारात असते तशी, पाय पडला की घंटा वाजवणारी रबरी मॅट त्याने पलंगाच्या कडेने अंथरली. मॅटवर कोणीही उभे असेल तोवर मॉडेलची झडप उघडणार नाही. पडदा ओढलेला नसेल तरीही नाही. पडद्याच्या टोकाला त्याने फ्रिजच्या दारात असते तसे चुंबक लावले. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरी मॉडेल लगेच करायचे नाही, थोडा वेळ घ्यायचे. किती, ते दर खेपेला वेगळे. स्क्रीन लांब वायरीवर पडद्याबाहेर आली, म्हणजे तपासणाऱ्याला तिथून रेषा बघता येईल.

पहिली चाचणी मालकांसमोर झाली. सगळे नीट चालले होते. सलाईन भरले, मॉडेल खोकले, रेषा उसळल्या. पडदा ओढला. मग काहीच झाले नाही. 

“खराब हो गया?” मालकांनी विचारले.

“नहीं सर,” इंजिनियर म्हणाला. 

“तो कर क्यों नहीं रहा?”

“सर, आप खड़े हैं.”

मालक पडद्याच्या आत, मॅटच्या बरोबर मध्ये उभे होते. त्यांनी पायाखाली पाहिले आणि बाजूला झाले. “यह पार्टी के सामने ऐसे नखरे करेगा तो बेचूँगा कैसे?” ते म्हणाले. कर्नल मॅडमनी त्यांना सांगितले की नखरे करते म्हणूनच ते विकले जाईल. न करणारी मॉडेले बाजारात आहेत. ते त्यांना पटले की नाही कोण जाणे, पण त्यांनी ‘मॅटवर उभे राहू नका’ अशी हिंदी पाटी पाहुण्यांसाठी भिंतीला लावून घेतली. कर्नल मॅडमनी ती त्याच दिवशी काढली. शिकणाऱ्याला ते आपले आपण कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच आठवड्यात त्यांनी बाबांना स्वतः फोन केला. फोन स्पीकरवर नव्हता, तरी मला सगळे ऐकू आले.

“काका, मला एक पेशंट हवाय.”

“डॉक्टर, मी टेस्ट करणार नाही.”

“टेस्ट नाही. पाहुणा म्हणून या. आमची माणसं मशीनवर शिकणार आहेत. त्यांचं कुठं चुकतं ते टेस्ट करून घेतलेल्या माणसाने सांगायला हवं. मी सांगितलं तर ‘जी मैडम’ म्हणतात आणि विसरतात.”

बाबांना चुका काढायला बोलावले आहे हे कळल्यावर त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. 

सीतापुऱ्याला आम्ही कारने गेलो. बाबांनी कापडी पिशवी मांडीवर घेतली होती. कर्नल मॅडमचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः डॉक्टर, जयपूरच्याच एका रुग्णालयात ही तपासणी करतो. तिथला टेक्निशियन शिकायला आला होता. चाळिशीतला माणूस, आमेरहून बसने येणारा. बाबांना भिंतीशी खुर्ची दिली.

टेक्निशियनचा हात चांगला होता. त्याने सेन्सर शून्यावर आणले, बुडबुडा ओळखून काढला, मॉडेलला खोकायला लावले. मग तो पलंगाशी उभा राहिला आणि म्हणाला, “अब करिए, बाउजी.” काही झाले नाही. त्याने नळी तपासली. पुन्हा सांगितले. काही झाले नाही. त्याने इंजिनियरकडे पाहिले. इंजिनियर छताकडे पाहू लागला. सांगायचे नाही असे ठरलेले होते.

थोड्या वेळाने बाबांनी घसा साफ केला. “भैयाजी,” ते म्हणाले, “पहले आप बाहर जाइए.”

“हम बाहर जाएँगे तो देखेगा कौन, बाउजी?”

“स्क्रीन बाहर है. वहाँ से देखिए. और पर्दा. और जाने से पहले उसको बोलिए कि जल्दी नहीं है.”

टेक्निशियनने मान डोलावली. मॉडेलकडे वळून त्याने अगदी गंभीरपणे सांगितले, “बाउजी, कोई जल्दी नहीं है.” पाण्याच्या आवाजाने लघवी यायला मदत होते म्हणून कोपऱ्यातला नळ बारीक सोडला, पडदा ओढला आणि बाहेर येऊन स्क्रीनसमोर उभा राहिला. मग रेषा वर चढू लागली आणि आत भांड्यात धार पडल्याचा आवाज आला.

“यह तो आपसे भी ज़्यादा शर्मीला निकला,” टेक्निशियन बाबांना म्हणाला.

“मुझसे कम,” बाबा म्हणाले. “इसने तो पजामा भी नहीं पहना.”

इंजिनियर इतका हसला की त्याला खोकला आला. 

परतताना बाबा टोंक रोडवरच्या दुकानांकडे बघत होते. घर जवळ आल्यावर ते म्हणाले, “त्या आमेरवाल्याकडे असेल तर करतो.” मी बरं म्हटले आणि गाडी आमच्या गल्लीत वळवली. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारायचा नसतो, हे मला वर्तमानपत्राच्या नोकरीत शिकवले होते.

दुसरी तपासणी त्या रुग्णालयात झाली. खोलीबाहेरच्या बाकावर मी बसले. आत बाबा, टेक्निशियन आणि कर्नल मॅडमचा विद्यार्थी, एवढेच. मॅडम माझ्याशेजारी बसल्या होत्या आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलत होत्या. आतून बाबांचा खोकला दोनदा ऐकू आला. नंतर नळ सोडल्याचा आवाज आला. दार उघडून दोघेही बाहेर आले, दार लावून घेतले आणि बाहेर आणून ठेवलेल्या स्क्रीनसमोर उभे राहिले.

रेषा सपाट होती. कॉरिडॉरमधून एक स्ट्रेचर गेले. टेक्निशियन दाराजवळ जाऊन म्हणाला, “बाउजी, कोई जल्दी नहीं है.” आतून उत्तर आले, “मालूम है.”

रेषा सपाटच राहिली. ती तशीच राहू शकते, हे मॅडमनी मला आधीच सांगून ठेवले होते. मी ग्राफ वाचायला शिकले होते, तरी स्क्रीनकडे न बघता दाराकडे बघत बसले. मग मॅडमनी माझ्या कोपराला धरले.

रेषा चढत होती. आधी थोडी, मग सरळ उभी. खालची दुसरी रेषा, धारेची, जमिनीपासून जेमतेम उचलली गेली होती.

“बघ,” मॅडम म्हणाल्या. “केवढा जोर लावतोय. स्नायूला काही झालेलं नाही. वाट बंद आहे, म्हणून बिचारा दार ढकलत बसलाय.”

बाबा पायजम्याची नाडी बांधत बाहेर आले. मॅडमच्या विद्यार्थ्याने त्यांना रेषा दाखवली आणि सांगितले की प्रोस्टेटचे ऑपरेशन करावे लागेल. त्यानंतर नळी सुटण्याची शक्यता चांगली आहे. शंभर टक्के असे तो म्हणत नाही. बाबांनी ऐकून घेतले, स्क्रीन नीट पाहिली आणि त्या उभ्या रेषेवर बोट ठेवून विचारले, “ही माझी?”

“आपकी ही है, बाउजी,” टेक्निशियन म्हणाला.

ऑपरेशनपर्यंत नळी पुन्हा घालावी लागली. बाबांनी त्यावर तक्रार केली नाही. कारमध्ये बसल्यावर त्यांनी कापडी पिशवी पायाशी ठेवली आणि सांगलीला फोन लावला.

“ताई, ऑपरेशन ठरलं,” ते म्हणाले. मुलीचे लग्न ठरल्यासारखा त्यांचा आवाज होता.

पलीकडे आत्या रडू लागल्याचे मला गाडी चालवताना ऐकू आले.

“अगं, रडतेस काय? चांगली बातमी आहे. ऑपरेशन करता येतंय. नाही, नाही, वाईट नाही. ताई, तू आधी खाली बस. बसलीस? आता पहिल्यापासून सांगतो, मध्ये बोलू नकोस.”

त्यांनी पहिल्यापासून सांगितले. गोपालपुऱ्याच्या वळणावर आलो तरी ते अजून ‘मी काय नळ आहे?’ इथपर्यंतच पोहोचले होते.